टीव्ही येणार येणार म्हणतायत, थांबायचं का घेऊन टाकायचं?

या महिन्यात आलेली बहुतेक पत्रं एकाच विषयाची आहेत. जानेवारीत जाहीर झालेले भारीतले टीव्ही मे महिना संपत आला तरी कोल्हापुरात आलेले नाहीत, दुकानात गेलं की नवी तारीख मिळते, आणि पैसे साठवून बसलेली माणसं वैतागलीयत. पत्रांत कंपन्यांची आणि दुकानांची नावं आहेत, ती मी इथं घेत नाही, कारण हे काय एकाच कंपनीचं नाहीये, टीव्हीच्या धंद्यात हे वर्षानुवर्षं चालत आलंय. लाख-दोन लाख रुपये म्हणजे साध्या घरात वर्षभराची बचत असते, त्यामुळं जेवढं नीट सांगता येईल तेवढं सांगतो.

प्रश्न : नमस्कार दादा, मी राजारामपुरीत राहतो. जानेवारीत अमेरिकेतल्या शोमधे एका कंपनीनं ६५ इंची आरजीबी मिनी एलईडी टीव्ही दाखवला तेव्हापासून माझ्या डोक्यात तोच आहे. दुकानदार आधी म्हणाला पाडव्याला येतोय, मग म्हणाला अक्षय तृतीयेला, आता म्हणतोय पावसाळ्यानंतर बघू. इकडं ११ जूनला फुटबॉलचा वर्ल्डकप सुरू होतोय, आमच्या घरात आख्खी गल्ली मॅच बघायला येते आणि आमचा टीव्ही ४३ इंची. थांबू का गेल्या वर्षीचा ओएलईडी घेऊ? आणि हे लोक तारीख का पाळत नाहीत तेवढं पण सांगा.

उत्तर : भावा, सरळ सांगतो, वर्ल्डकप तुझ्यासाठी एवढा महत्त्वाचा असेल तर थांबू नकोस, गेल्या वर्षीचा चांगला ओएलईडी, म्हणजे मागं दिवा नसलेला, पडदाच उजेड देणारा टीव्ही मिळतोय तो घे. का ते सांगतो, जरा लांबेल पण वाच.

आधी तारखेचं. लास वेगासचा सीईएस हा इलेक्ट्रॉनिक्सचा शो दरवर्षी जानेवारीत असतो, आणि तिथं मांडायला दोन-चार पीस चांगले निघाले तरी भागतं, पण दुकानात पाठवायला हजारो पीस सारखेच चांगले निघावे लागतात आणि पॅनेलच्या, म्हणजे टीव्हीच्या पडद्याच्या, धंद्यात खरी मारामारी तिथंच असते. मोठ्या टीव्हीचं पॅनेल सुटं सुटं तयार होत नाही, साधारण २.२ मीटर बाय २.५ मीटरच्या एका काचेवर सगळे थर चढवतात आणि मग ती कापतात, त्यातून ५५ इंची सहा निघतात आणि ६५ इंची तीनच. म्हणजे धुळीचा एक कण चुकीच्या जागी बसला तर ६५ मधे तिसरा हिस्सा गेला. एलजी डिस्प्लेचा चीनमधे ग्वांगझूला ओएलईडीचा मोठा कारखाना आहे, तो ऑगस्ट २०१९ मधे बांधून पूर्ण झाला, पण माल धडाक्यात निघायला जुलै २०२० उजाडला, कारण चांगल्या पॅनेलचं प्रमाण बसत नव्हतं. ज्यांच्याकडं पैसा आणि अनुभव दोन्ही आहे त्यांची ही गत, मग नव्या तंत्राच्या पहिल्या वर्षी काय होत असेल विचार कर.

आणि याला इतिहास आहे. एलजीनं जानेवारी २०१९ मधे ६५ इंची गुंडाळून खोक्यात जाणारा ओएलईडी जाहीर केला, त्याच वर्षी विकणार म्हणाले, कोरियात विक्री सुरू झाली ऑक्टोबर २०२० मधे, किंमत १० कोटी वॉन. त्याच्याही आधीचं उदाहरण मला जास्त लागतं, कॅनन आणि तोशिबानं २००४ मधे एसईडी नावाच्या तंत्रासाठी वेगळी कंपनी काढली होती. जुन्या पिक्चर ट्यूबसारखंच, इलेक्ट्रॉन उजेड देणाऱ्या फॉस्फरच्या थरावर मारून चित्र काढायचं पण पातळ पडद्यात, आणि त्याच्या काळ्या रंगावर तेव्हा लोक भरभरून लिहायचे. तारीख पुढं पुढं गेली, मधेच अमेरिकेत पेटंटच्या लायसन्सवरून कोर्टकचेरी झाली, तोवर एलसीडी एवढे स्वस्त झाले की या टीव्हीला बाजारच उरला नाही, शेवटी २०१० मधे कॅननानं घरगुती एसईडी टीव्हीचा विषय मिटवला. सोनीनं २०१२ च्या सीईएसमधे ५५ इंची क्रिस्टल एलईडी मांडला होता, तोही तसा घरासाठी विकायला कधी आला नाही. म्हणजे शोमधे दाखवलेला प्रत्येक टीव्ही येतोच असं नाही, आणि उशिरा आलेला वाईटच असतो असंही नाही, घाईनं काढलेल्या मालापेक्षा उशिरा आलेला माल मला कधीही बरा वाटतो.

आपल्या देशात आणखी दोन पायऱ्या आहेत. ३२ इंच आणि त्यावरच्या टीव्हीला २०१२ च्या सरकारी आदेशापासून बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोची, नोंदणी सक्तीची झाली, म्हणजे आधी मान्यता असलेल्या लॅबमधे तपासणी, मग नोंदणी नंबर आणि त्यानंतर माल. दुसरं म्हणजे जुलै २०२० च्या अखेरीला केंद्र सरकारनं तयार कलर टीव्हीची आयात खुली होती ती प्रतिबंधित यादीत टाकली, तेव्हापासून तयार सेट बाहेरून आणायचा तर लायसन्स काढावं लागायला लागलं. जे मॉडेल भारतातच जोडलं जातं त्याला ही दुसरी अडचण नाही, पण एकदम वरच्या रेंजचे सेट विकले जातात थोडेच, मग तेवढ्यासाठी इथं जोडणी सुरू करायची का बाहेरून आणायचे हा हिशोब कंपनीला करत बसावा लागतो. शिवाय गोडाऊनमधे गेल्या वर्षीचा माल पडून असला की नव्या मालाची घाई कुणालाच नसते, हे कुणी उघड बोलत नाही इतकंच. तुझ्या दुकानदाराला यातलं काहीच कळवलेलं नसतं, तो पण वरनं आलेला निरोपच तुला सांगतो, त्यामुळं त्याच्यावर राग काढू नकोस.

तारीख खरी का नुसता अंदाज हे ओळखायचं असेल तर त्याला पूर्ण मॉडेल नंबर विचार, शेवटच्या अक्षरांसकट. तो नंबर बीआयएसच्या नोंदणीत सापडला आणि कंपनीच्या भारतातल्या यादीत किमतीसह आला तर माल महिन्या-दीड महिन्यात येईल असं धरायला हरकत नाही. तो नंबरच सांगता येत नसेल तर पाडवा, अक्षय तृतीया, दसरा, कुठल्याच तारखेला अर्थ नाही.

आता टीव्हीचं. साध्या मिनी एलईडीत पडद्यामागं निळे नाहीतर पांढरे बारीक दिवे असतात आणि रंग पुढच्या फिल्टरमधून आणि क्वांटम डॉट नावाच्या, उजेडाचा रंग बदलणाऱ्या बारीक कणांच्या थरातून निघतो. आरजीबीत मागचे दिवेच लाल, हिरवे, निळे वेगवेगळे, म्हणजे पडद्यावर जिथं मैदान आहे तिथं मागूनच हिरवा उजेड येतो, त्यामुळं रंग जास्त शुद्ध मिळतात आणि उजेड भरपूर. हायसेन्सनं जानेवारी २०२५ मधे ११६ इंची दाखवला, सोनीनं मार्च २०२५ मधे आपलं तंत्र उघड केलं, सॅमसंगनं ऑगस्ट २०२५ मधे ११५ इंची काढला, आणि आता कुठं आपल्या घरात मावतील असे साइझ जाहीर व्हायला लागलेत. तुझी उत्सुकता मला कळते, मला स्वतःला हे तंत्र गेल्या काही वर्षांतलं सगळ्यात मोठं पाऊल वाटतं.

पण पुढचा पडदा एलसीडीचाच आहे भावा, आणि तुझ्या घरी आख्खी गल्ली येते. सोफ्यावरच्या दोघा-तिघांना चित्र झकास दिसेल, पण बाजूला भिंतीला टेकून बसलेली, दारात उभी राहिलेली पोरं तिरकी बघणार, आणि बऱ्याचशा एलसीडी पॅनेलवर तिरकं बघितलं की काळा राखाडी होतो आणि रंग फिके पडतात. काही कंपन्या तिरक्यासाठी वेगळा थर लावतात, त्यानं फरक पडतो पण पूर्ण जात नाही. ओएलईडीत ४के पडद्याचे जवळपास ८३ लाख पिक्सेल स्वतःच उजेड देतात, मागं दिवाच नाही, त्यामुळं दारातून बघा नाहीतर सोफ्यावरून, चित्र जवळपास तेच.

फुटबॉलची दुसरी परीक्षा आणखी कडक असते. कॅमेरा मैदानावरून डावीकडनं उजवीकडं फिरतो तेव्हा सगळा पडदा एकाच हिरव्या रंगाचा असतो, आणि पॅनेलचा उजेड एकसारखा नसेल तर मैदानात उभे मळकट पट्टे सरकताना दिसतात, टीव्हीवाले याला डर्टी स्क्रीन म्हणतात. सिनेमा बघताना हे कुणाच्या लक्षात येत नाही, मॅचला मात्र एकदा दिसलं की नव्वद मिनिटं तेच दिसत राहतं. हे मॉडेलपेक्षा त्या त्या पीसवर असतं, महागड्या टीव्हीतही निघतं, आणि नव्या तंत्राच्या पहिल्या खेपेत एकसारखेपणा कसा असेल ते चार लोकांनी घरी लावून बघितल्याशिवाय सांगता येत नाही. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी तरुणची मॅच बघत मोठी झालेली आपली माणसं, त्यांना बॉलमागं सावली ओढली गेलेली लगेच कळते, म्हणून १२० हर्ट्झचं, म्हणजे सेकंदाला १२० वेळा चित्र बदलणारं पॅनेल घे, ६० चं नको, भले मॅचचं प्रक्षेपण त्यापेक्षा कमी फ्रेमचं असू दे.

दुकानात कंपनीचा डेमो बघू नकोस. त्यात फुलं, पोपट, काचेच्या बाटल्या आणि रात्रीचं शहर असतं, त्यात सगळेच टीव्ही भारी दिसतात. पेन ड्राइव्ह नाहीतर मोबाइलवरून एखाद्या जुन्या मॅचचा तुकडा लाव, पिक्चर मोड व्हिविडवरून काढ, दोन पावलं बाजूला सरक आणि तिथनं बघ. ६५ इंचाची रुंदी साधारण १४४ सेंटिमीटर येते, बसायचं अंतर आठ फुटांच्या आसपास असेल तर उत्तम. यंदाच्या मॅचेस अमेरिका, कॅनडा, मेक्सिकोत आहेत, म्हणजे आपल्याकडं बहुतेक रात्री उशिरा आणि पहाटे, १९ जुलैची फायनल तर मध्यरात्र उलटल्यावर. दिवे मालवून बघणार तुम्ही, आणि अंधाऱ्या खोलीत ओएलईडीला तोड नाही. दुपारच्या उन्हातल्या हॉलसाठी विचारलं असतंस तर मी थांब म्हणालो असतो.

प्रश्न : काका, मी कागलला राहते, नोकरी गोकुळ शिरगाव एमआयडीसीत. दुकानदार म्हणतो नवीन मॉडेलचे पीस कमी येणार, आत्ता ५० हजार भरून बुक करा, आलं की पहिला तुम्हाला. किंमत अजून जाहीर नाही. भरू का?

उत्तर : नको ताई. किंमत ठरलेली नसताना ५० हजार कशाचे भरायचे? ते बुकिंग नाही, ते तुम्ही त्याला बिनव्याजी दिलेले पैसे झाले. कोल्हापुरात दोन-अडीच लाखाच्या टीव्हीला रांग लागून माल संपला असं सहसा होत नाही, आणि समजा पहिल्या खेपेचा संपलाच तर दुसरी खेप येते, बहुतेक वेळा थोडी स्वस्त होऊनच.

अगदीच भरायचे असतील तर दोन-पाच हजारांच्या पुढं जाऊ नका, आणि छापील पावती घ्या, त्यावर पूर्ण मॉडेल नंबर, मूळ किंमत वेगळी, जीएसटी वेगळा, कुठल्या तारखेपर्यंत माल देणार ते, आणि ती तारीख हुकली तर पैसे पूर्ण परत असं वाक्य. कर वेगळा का लिहून घ्यायचा ते गेल्या वर्षी दिसलं, २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचापेक्षा मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. मूळ किंमत २ लाख धरली तर आधी २ लाख ५६ हजार व्हायचे तिथं २ लाख ३६ हजार झाले, २० हजार कमी. ज्याच्या पावतीवर नुसता एक गोळा आकडा लिहिलेला असेल त्यानं दुकानदाराशी काय बोलायचं?

पैसे अडकलेच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ नंबर आहे, तिथं तक्रार नोंदवा, पावती असली तर बऱ्याच गोष्टी तिथंच सुटतात. नाही सुटल्या तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. पण पावतीशिवाय यातलं काहीच होत नाही, चिठ्ठीवर पेनानं लिहून दिलेल्या आकड्याला पावती समजू नका.

प्रश्न : दादा नमस्कार, आम्ही शिवाजी पेठेत राहतो. सासऱ्यांनी २०१२ साली ५० इंची प्लाझ्मा घेतला होता तो आत्ता बंद पडला, मेकॅनिक म्हणतो पार्ट मिळत नाहीत. मिस्टरांना दिवाळीत येणारा नवीन टीव्हीच पाहिजे, ते म्हणतात थांबूया, मला वाटतं आता घेऊन टाकावा. पण दुकानात बघितलं तर सगळ्या टीव्हीत सिनेमा असा दिसतो जणू सिरियल चाललीय, आमच्या जुन्या टीव्हीत तसं नव्हतं. आणि सासरे दिवसभर बातम्या बघतात.

उत्तर : वहिनी, तुमच्या डोळ्याला मानलं. प्लाझ्मा फार चांगलं चित्र द्यायचा आणि तो बाजारातून गेला तो चित्र वाईट म्हणून नाही, वीज जास्त खायचा, जड होता, बनवायला महाग पडायचा, आणि लख्ख उजेड असलेल्या दुकानात एलसीडीसमोर फिका वाटायचा. पायोनियरचे कुरो नावाचे सेट त्यात सगळ्यात नावाजलेले, २००७ मधे आले, २००९ मधे कंपनीनं टीव्हीतून अंग काढून घ्यायचं जाहीर केलं. पॅनासॉनिकनं २०१३ च्या डिसेंबरला प्लाझ्मा बनवायचं थांबवलं, पुढच्या वर्षी सॅमसंग आणि एलजीनं पण. तेव्हा टीव्हीप्रेमी लोक फार हळहळले होते आणि त्यात मी पण होतो. तेव्हा मेकॅनिक तुमची फसवणूक करत नाही, बोर्ड मिळणं खरंच अवघड आहे.

सिनेमा सिरियलसारखा दिसतो तो टीव्हीचा दोष नाही, सेटिंग आहे. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा असतो, नवीन टीव्ही मधल्या फ्रेम स्वतः तयार करून घालतो आणि सगळं गुळगुळीत करून टाकतो, दुकानात हे कायम चालू ठेवलेलं असतं. सेटिंगमधे मोशनच्या नावानं जे काही असेल ते बंद करा, नाहीतर फिल्ममेकर मोड असेल तर तो लावा, २०२० नंतरच्या बऱ्याच चांगल्या सेटमधे तो आहे. दुकानात हे करून मागा, नाही म्हणाला तर दुसऱ्या दुकानात जा.

आता थांबायचं का. तुमच्या घरात मी सासऱ्यांच्या बातम्या धरून ठरवीन. मराठी न्यूज चॅनेलला खाली लाल-पिवळी पट्टी आणि कोपऱ्यात लोगो, तो दिवसभर एकाच जागी. ओएलईडीत एकाच जागी तेच चित्र वर्षानुवर्षं राहिलं तर तिथले पिक्सेल लवकर म्हातारे होतात आणि पट्टीची सावली कायमची बसते. नवीन सेटमधे त्यावर उपाय आहेत, पडदा बंद असताना तो स्वतःला सारखा करून घेतो, पण सकाळी सातपासून रात्री दहापर्यंत एकच चॅनेल म्हणजे मी धोका पत्करणार नाही. तुम्ही मिनी एलईडी घ्या, आत्ता बाजारात असलेला, ५५ इंची, गेल्या वर्षीचा असला तरी चालेल. प्लाझ्माएवढा काळा नाही मिळणार, हे आधीच सांगतो, पण बराच जवळ जातो, आणि सासऱ्यांना दिवाळीपर्यंत बातम्यांशिवाय ठेवणं बरोबर नाही. मिस्टरांना सांगा की त्यांचा तो दिवाळीचा टीव्ही पुढच्या गुढीपाडव्याला बहुतेक आणखी कमी किमतीत मिळेल.

प्रश्न : भाऊ, भाचा दुबईला आहे, तिथं मॉडेल आलंय. त्याला आणायला सांगू का? इचलकरंजी.

उत्तर : नका सांगू. व्होल्टेजचा प्रश्न नाही, तिथं पण २२०-२४० आहे, प्रश्न बाकीचा आहे. एक काळ होता की लोक दुबई, बँकॉकहून येताना सामानात टीव्ही घेऊन यायचे, ऑगस्ट २०१३ पासून सामानातून आणलेल्या फ्लॅट टीव्हीची सूट सरकारनं काढून घेतली, तेव्हापासून विमानतळावर ड्युटी बसायला लागली आणि फायदा संपला. त्यात तिथली वॉरंटी इथं बहुतेक वेळा चालत नाही, पॅनेल गेलं तर इथल्या सर्व्हिस सेंटरला त्या नंबरचं पॅनेल मागवताच येत नाही, आणि पॅनेल म्हणजे टीव्हीच्या किमतीचा मोठा हिस्सा. शिवाय ६५ इंची खोकं उभंच न्यावं लागतं, आडवं टाकून वर बॅग ठेवली की काचेला तडा. मुंबईहून इचलकरंजीपर्यंत ते कुणाच्या गाडीत उभं बसणार आहे त्याचा पण विचार करा.

प्रश्न : दादा, आम्ही शाहूपुरीत कुंभार गल्लीच्या बाजूला, तळमजल्यावर. २०१९ ला आणि २०२१ ला घरात पाणी आलं होतं. टीव्ही जुलैत येणार म्हणतायत. त्या वेळी घ्यावा का?

उत्तर : जुलै-ऑगस्टमधे नको. तुमच्यासाठी हा उशीर बरा आहे, सरळ गणपतीनंतर घ्या. पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्याला ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ ला धोका, हे तुम्हाला मी सांगायला नको, पण अशा वेळी घरातली माणसं, कागदपत्रं, धान्य वर न्यायचं का दीड लाखाचा टीव्ही भिंतीवरून उतरवत बसायचं, ही वेळच स्वतःवर येऊ देऊ नका. मोठा सेट उतरवायला दोन माणसं लागतात, घाईत एका बाजूनं पेलला की पॅनेल वाकतं.

घ्याल तेव्हा भिंतीवर पुराच्या पाण्याची रेघ असेलच, ब्रॅकेट सगळ्यात वरच्या रेघेच्याही वर घ्या, आणि त्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे टीव्हीचा प्लग आणि सेट टॉप बॉक्सचा बोर्ड पण वर घ्या, लोक टीव्ही वर लावतात आणि बोर्ड खाली फूटभरावर ठेवतात. पाणी येऊन गेलेल्या भिंतीचा गिलावा बऱ्याचदा आतून पोकळ झालेला असतो, ठोकून बघा, आवाज पोकळ आला तर ब्रॅकेट विटेत गेला पाहिजे, गिलाव्यात नाही. खोकं आणि आतलं थर्माकोल टाकून देऊ नका, माळ्यावर ठेवा.

प्रश्न : दादा मी २० वर्षांचा आहे, प्लेस्टेशन ५ आहे, वाट बघतोय त्या टीव्हीत चारही एचडीएमआय २.१ आहेत म्हणे आणि बाकीचं अपडेटनं येणार म्हणे. थांबू? रुईकर कॉलनी.

उत्तर : चारही पोर्ट, म्हणजे वायर लावायच्या जागा, जास्त वेगाच्या २.१ प्रकारच्या असतील तर चांगलंच आहे पण तुला लागतात किती? एक प्लेस्टेशनला आणि एक साउंडबारला. बऱ्याच सेटमधे चारपैकी दोनच २.१ असतात आणि त्यातलाच एक साउंडबारचा निघतो, मग दुसरं कन्सोल आलं की पंचाईत, एवढं बघून घे. ४के ला १२० हर्ट्झ आणि व्हीआरआर (गेमच्या फ्रेमच्या वेगाप्रमाणं पडद्यानं आपला वेग बदलणं) एवढं त्या पोर्टवर चालू पाहिजे, आणि हे देणारे टीव्ही दुकानात आज पण आहेत. एचडीएमआय २.१ नोव्हेंबर २०१७ मधे जाहीर झालं, टीव्हीत २०१९ पासून यायला लागलं, म्हणजे ही काय नवी गोष्ट राहिली नाही.

अपडेटनं येणार म्हणतात त्यावर एक रुपया देऊ नकोस. २०२० मधे व्हीआरआर नंतर देऊ म्हणून विकलेल्या काही सेटना ते २०२२ मधे मिळालं, दोन वर्षं लोक वाट बघत राहिले. खोकं उघडल्या दिवशी जे चालतं त्याचे पैसे द्यायचे. थांबायचं असेल तर तुझं वय आहे, थांब, पण त्या अपडेटसाठी नको.

प्रश्न : काका, नवीन टीव्हीसाठी थांबायची तयारी आहे हो, पण आमचा ४९ इंची एलईडी गेल्या आठवड्यात गेला, आवाज येतोय, चित्र नाही. चार-सहा महिन्यांसाठी दुरुस्तीवर खर्च करावा का टाकून द्यावा? गडहिंग्लज.

उत्तर : टाकू नका काका, दुरुस्त करा, आणि मग निवांत थांबा. रात्री खोलीतला दिवा बंद करून टीव्ही चालू करा आणि मोबाइलची टॉर्च पडद्याला चिकटवून तिरकी धरा. आत पुसट चित्र हलताना दिसलं तर पॅनेल शाबूत आहे, नुसती बॅकलाइटची, म्हणजे पडद्यामागच्या दिव्यांची, पट्टी गेलीय. पट्टीतले एलईडी एका ओळीत जोडलेले असतात, एक उडाला की आख्खी ओळ जाते आणि बहुतेक सेट मग सगळाच उजेड बंद करतो. पॅनेलच्या मानानं हे काम बरंच स्वस्तात होतं, फक्त मेकॅनिकला सगळ्या पट्ट्या एकदम बदलायला सांगा, एकच बदलली तर उरलेल्या जुन्या महिन्या-दोन महिन्यांत जातात आणि पडद्यावर एका बाजूला उजेड कमी-जास्त दिसतो. पडदा उघडताना काच काढावी लागते, तो धोका तुमचा का त्याचा हे आधी बोलून घ्या. दुरुस्त होऊन आला की सेटिंगमधे बॅकलाइट १०० वर असेल तो ५०-६० वर आणा, पट्ट्या लवकर जातात त्या बहुतेक यानंच. टॉर्च लावून काहीच दिसलं नाही तर बोर्डाचं नाहीतर पॅनेलचं काम आहे, मग आधी खर्चाचा आकडा विचारा आणि तो नवीन ४३ इंचीच्या निम्म्यापुढं जात असेल तर नाही म्हणा.